शुगरची गोळी, बीपीची गोळी आणि वाढलेल्या हिरड्या

वाचकांचे प्रश्न, हिरड्यांच्या डॉक्टरची उत्तरं

या वेळी आलेल्या प्रश्नांमधले बरेचसे हिरड्या वाढण्याबद्दलचे आहेत आणि त्यातल्या बहुतेकांनी दोष शुगरच्या गोळीवर टाकून मोकळं व्हायचं ठरवलंय. म्हणून पहिल्या प्रश्नाला जास्त जागा देतेय, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न: डॉक्टर, माझ्या मिस्टरांचं वय ५८, शुगर ९ वर्षांपासून आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी चालू आहे, सकाळ-संध्याकाळ. मागच्या दिवाळीनंतर बीपी पण निघालं म्हणून त्याचीही एक गोळी सुरू झाली. आता तीन-चार महिने झाले, पुढच्या दातांच्या हिरड्या वर यायला लागल्यात, दातांच्या मधले कोपरे तर अगदी फुगून दातावर आलेत, हसले की दात छोटे दिसतात. दुखत नाही पण ब्रश केला की रक्त येतं. शेजारच्या काकू म्हणाल्या शुगरच्या गोळीनेच असं होतं, त्यांच्या दिरालाही झालं होतं. झालं, यांनी शुगरची गोळी बंद केली, पंधरा दिवस झाले, मी सांगितलेलं ऐकत नाहीत. मी लवंगेचं तेल आणि तुरटी लावतेय, फरक नाही. काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, आधी एक काम करा, हे वाचून झालं की लगेच त्यांच्या फिजिशियनला फोन लावा आणि गोळी पंधरा दिवस बंद आहे हे स्पष्ट सांगा, लपवू नका. ते सांगतील तशी गोळी परत सुरू करायची आणि त्याआधी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर तपासायची. हिरड्यांचं आपण निवांत बघू, हिरड्या पळून जात नाहीत.

आता मुद्द्याचं. मेटफॉर्मिननं किंवा ग्लिमेपिराइडनं हिरड्या वाढत नाहीत. हिरड्या वाढवणारी म्हणून जी औषधं ओळखली जातात ती मुख्यतः तीन घराण्यांतली आहेत. एक फिटचं औषध फेनिटॉइन, दुसरं किडनी वगैरे बदलल्यावर देतात ते सायक्लोस्पोरिन आणि तिसरी बीपीची काही औषधं ज्यांना कॅल्शियम चॅनल ब्लॉकर म्हणतात. तुमच्या पत्रात ही तिसरी गोष्ट तुम्ही स्वतःच लिहिलीय, फक्त तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. दिवाळीनंतर बीपीची गोळी सुरू झाली आणि त्यानंतर काही महिन्यांत हिरड्या वर यायला लागल्या. या औषधांचं वेळापत्रक साधारण असंच असतं, सुरू केल्यावर एक ते तीन महिन्यांत सुरुवात होते, आणि आपल्याला आरशात दिसेपर्यंत अजून थोडे दिवस जातात.

बीपीच्या गोळीची स्ट्रिप घ्या आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचा, चष्मा लावून वाचा किंवा मुलाला मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचायला सांगा. तिथे अम्लोडिपिन, निफेडिपिन असं शेवटी ‘डिपिन’ येणारं काही दिसतंय का ते बघा, एस-अम्लोडिपिन पण त्यातलंच. डिल्टियाझेम किंवा वेरापामिल असेल तरी तेच घराणं. आजकाल एका गोळीत दोन औषधं असतात त्यामुळे पेशंटला वाटतं मी तर टेल्मिसार्टन घेतोय, पण त्याच गोळीत अम्लोडिपिन पण असतं, ब्रँडच्या नावापुढे ‘एएम’ किंवा ‘एटी’ अशी दोन अक्षरं असली तर बहुधा ते आतमध्ये बसलेलं असतं. नुसत्या ब्रँडच्या नावावर जाऊ नका. आणि अजून एक विचारते, त्यांच्या पायांना घोट्याजवळ संध्याकाळी सूज येते का? अम्लोडिपिनचा तो नेहमीचा साइड इफेक्ट आहे, तो असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

मग शुगरच्या गोळीवर आळ का येतो? कारण सोपं आहे, शुगर आणि बीपी आपल्याकडे जोडीनंच राहतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभरातल्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले, त्यात भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर आणि मोठ्या माणसांत ३५ टक्क्यांहून जास्त लोकांना बीपी. म्हणजे डब्यात दोन्ही गोळ्या शेजारी शेजारी. शुगरची जुनी म्हणून तिला सगळे ओळखतात, बीपीची गोळी एक छोटीशी पांढरी, दिवसातून एकदा, तिचा विचारच कुणी करत नाही. शेजारच्या काकूंच्या दिराचंही बहुतेक हेच झालं असणार, त्यांना त्यांच्या दिराची बीपीची गोळी कुठली होती ते विचारून बघा.

हे होतं कसं ते थोडक्यात सांगते. हिरडी ज्या धाग्यांनी बनते, कोलेजन, ते शरीर सतत नवं बनवत असतं आणि जुनं मोडत असतं. ही औषधं काही लोकांमध्ये मोडण्याचं काम मंदावतात, म्हणजे बांधणारे गवंडी कामावर आणि पाडणारे मजूर सुट्टीवर अशी अवस्था, मग हिरडी नुसती चढत जाते. सगळा उलगडा अजून झालेला नाही, पण एक नक्की माहितीय की नुसत्या औषधाने सहसा एवढं होत नाही, दातांवर जो चिकट थर साचतो ना, प्लाक, त्याने हिरडी आधीच सुजलेली असली की औषधाला रान मोकळं मिळतं. म्हणून अम्लोडिपिन घेणाऱ्या शंभर जणांत दोन-चार जणांनाच हिरड्यांचा त्रास दिसतो, निफेडिपिनमध्ये प्रमाण जास्त, फेनिटॉइनमध्ये तर जवळपास निम्म्यांना. आणि म्हणूनच जिथे दात नाहीत तिथे ही वाढ सहसा होत नाही, दात नाही तर प्लाक नाही.

शुगर अगदी निर्दोष आहे असं मात्र मी म्हणणार नाही. औषध निर्दोष आहे, आजार नाही. शुगर वाढलेली राहिली की हिरड्यांना जंतुसंसर्ग पटकन होतो, हिरड्या लाल, मऊ, फुगीर होतात, हात लावला की रक्त, कधी कधी ठिकठिकाणी पू धरतो. औषधाने वाढलेली हिरडी घट्ट आणि गुलाबी असते, दुखत नाही, पुढच्या दातांमधल्या कोपऱ्यांपासून सुरू होते. तुमच्या मिस्टरांना रक्त पण येतंय म्हणजे दोन्ही गोष्टी एकावर एक चढल्यात असं मला वाटतं, बघितल्याशिवाय शंभर टक्के सांगता येणार नाही. आणि अशा वेळी त्यांनी नेमकी काय बंद केली तर शुगरची गोळी! म्हणजे जी हिरडीला मदत करत होती ती बंद आणि जिच्यावर संशय घ्यायला हवा ती चालूच.

आता लगेच उठून बीपीची गोळी पण बंद करू नका हं. अम्लोडिपिन शरीरात बराच वेळ टिकतं, त्यामुळे बंद केल्यावर एक-दोन दिवस बीपी बरं दिसतं, माणूस म्हणतो बघा गोळीची गरजच नव्हती, आणि मग ते चढायला लागतं. फिजिशियनला स्ट्रिप दाखवा, हिरड्यांचा फोटो दाखवा आणि विचारा की दुसऱ्या गटातली गोळी चालेल का. मधुमेह असलेल्या माणसाच्या लघवीतून प्रोटीन जात असेल तर टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या गटातली औषधं तसंही आधी दिली जातात, त्यामुळे बदल करणं बऱ्याचदा जमतं. नाही जमलं, त्यांना तीच गोळी लागणार असली, तरी घाबरायचं नाही, मग हिरड्या साफ ठेवण्यावर दुप्पट जोर द्यायचा.

दातांच्या डॉक्टरकडे स्केलिंग, म्हणजे दातांवरचं कीटण काढून साफसफाई, करून घ्या, हिरडीच्या खालचंही. गोळी बदलली आणि स्केलिंग झालं की काही आठवड्यांपासून काही महिन्यांत बऱ्याच जणांच्या हिरड्या पुष्कळ खाली येतात. मी शक्यतो तीन महिने थांबते आणि मग उरलेलं काय ते बघते. उरलं तर ती जास्तीची हिरडी जागा बधिर करून काढता येते, ब्लेडने किंवा लेझरने, छोटं काम असतं, पण शुगर ताब्यात नसताना मी ते करत नाही कारण जखम भरत नाही. लेझरच्या जाहिराती बघून ‘आधी लेझर करून टाका’ म्हणणारे पेशंट येतात, त्यांना मी परत पाठवते. गोळी तीच आणि प्लाक तोच राहिला तर कापलेली हिरडी पुन्हा येते, पैसे गेले ते गेले.

लवंगेचं तेल बंद करा, ते हिरडीवर थेट रोज लावलं तर पोळतं. तुरटीच्या पाण्यानं चूळ भरून एक वेळ नुकसान नाही पण चोळू नका.

आणि जाता जाता, हे तुमच्यासाठी नाही पण बाकी वाचणाऱ्यांसाठी: हिरड्या दोन-तीन आठवड्यांत भराभर फुगल्या, सोबत ताप, अशक्तपणा, अंगावर काळेनिळे डाग असं काही असेल तर गोळ्यांवर चर्चा करत बसू नका, त्याच दिवशी सीबीसी ही रक्ततपासणी करा. रक्ताच्या कॅन्सरमध्ये पण हिरड्या अशाच वाढतात.

प्रश्न: माझा भाऊ २२ वर्षांचा आहे, त्याला लहानपणापासून फिट येतात, फेनिटॉइन चालू आहे. हिरड्यांनी अर्धे दात झाकलेत, कॉलेजमध्ये तोंडावर रुमाल धरून बोलतो. आईला भीती की गोळी बदलली तर परत फिट येतील. ब्रश नीट करत नाही हे पण खरं आहे, रक्त येतं म्हणून टाळतो.
— एक बहीण, नाशिक

उत्तर: आईची भीती बरोबर आहे, फिटची गोळी स्वतःहून एक दिवस सुद्धा बंद करायची नाही, फिट थांबायचंच नाव घेत नाही अशी वेळ येऊ शकते आणि ती जिवावरची असते. पण ‘बंद करणं’ आणि ‘न्यूरॉलॉजिस्टने हळूहळू बदलणं’ यात फरक आहे. फेनिटॉइन फिटसाठी १९३८ मध्ये वापरात आलं आणि पुढच्याच वर्षी, १९३९ ला, त्याने हिरड्या वाढतात असं छापून आलं, म्हणजे ही काही नवीन तक्रार नाही, सगळ्या न्यूरॉलॉजिस्टना माहिती असते. त्या काळी पर्याय फारसे नव्हते. आता लेव्हेटिरासेटाम सारखी औषधं आहेत ज्यांच्यासोबत हिरड्यांचा हा त्रास सहसा दिसत नाही. त्याच्या फिटच्या प्रकाराला ती चालतील का हे त्यांनाच ठरवू द्या. पण प्रश्न विचारा, बऱ्याचदा पेशंट विचारत नाही आणि डॉक्टर तोंड उघडून बघत नाहीत, वर्षानुवर्षं तीच चिठ्ठी पुढे चालू.

फॉलिक अॅसिडबद्दल पण विचारा. दिल्लीच्या एम्समध्ये लहान मुलांवर झालेला एक चांगला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, फेनिटॉइन सुरू करताना सोबत रोज थोडं फॉलिक अॅसिड दिलं तर हिरड्या वाढण्याचं प्रमाण खूपच कमी राहिलं. तुमच्या भावाच्या हिरड्या आधीच वाढल्यात, त्यामुळे त्याला तेवढा फायदा होईलच असं नाही आणि फॉलिक अॅसिडने फेनिटॉइनची रक्तातली पातळी थोडी उतरू शकते म्हणून मनाने मेडिकलमधून आणून सुरू करू नका.

रक्त येतं म्हणून ब्रश टाळणं हे उलटं गणित आहे. ब्रश होत नाही म्हणून रक्त येतं. अगदी मऊ ब्रश घ्या, पहिले आठ-दहा दिवस रक्त येईल, येऊ दे, मग कमी होतं. त्याच्या बाबतीत बहुतेक हिरडीची छोटी सर्जरी लागेल, अर्धे दात झाकलेत म्हणताय. मुंबईत नायर डेंटल किंवा सरकारी दंत महाविद्यालयांत, म्हणजे मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, हे काम खासगी दवाखान्याच्या तुलनेत खूपच कमी खर्चात होतं. वेळ लागतो, रांग असते. रुमाल धरून कॉलेजला जाणाऱ्या मुलासाठी एखादा दिवस रांगेत घालवायला हरकत नाही.

प्रश्न: बाबांची शुगरमुळे किडनी गेली होती, ती बदलून आता काही वर्षं झाली. सायक्लोस्पोरिन घेतात, अम्लोडिपिन पण आहे. हिरड्या खूप वाढल्यात. टॅक्रोलिमस घेतलं की हिरड्या उतरतात असं वाचलं, मग डॉक्टर बदलून का देत नाहीत?
— न्यू जर्सीहून एक वाचक

उत्तर: वाचलंत ते खरं आहे, टॅक्रोलिमसमध्ये हिरड्यांचा त्रास खूप कमी असतो. पण टॅक्रोलिमस शुगर जास्त वाढवतं आणि तुमच्या बाबांची तर किडनीच शुगरनं गेली, त्यामुळे त्यांच्या ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांनी कदाचित हाच विचार करून हात आखडता घेतला असेल. विचारायला हरकत नाही, हट्ट धरू नका. त्यांच्या बाबतीत सायक्लोस्पोरिन आणि अम्लोडिपिन दोन्ही हिरडी वाढवणारी औषधं एकत्र आलीत, त्यातलं अम्लोडिपिन बदलणं जास्त सोपं असू शकतं, सुरुवात तिथून करा. एक मात्र लक्षात ठेवा, बीपीची काही औषधं, विशेषतः डिल्टियाझेम किंवा वेरापामिल, सुरू किंवा बंद केली तर सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी खालीवर होते, म्हणून हा बदल किडनीच्या टीमनेच करायचा. हिरड्यांची सर्जरी करणाऱ्या डेंटिस्टलाही त्यांच्याशी आधी बोलायला सांगा.

प्रश्न: मेटफॉर्मिनने हिरड्या वाढत नाहीत हे तुम्ही एका कार्यक्रमात म्हणालात, मग माझ्या तोंडाला सारखी लोखंडासारखी चव का येते? जीभ पण जळजळते, तिखट खाता येत नाही. शाकाहारी आहे, गोळी अकरा-बारा वर्षं चालू.
— एक निवृत्त शिक्षक, पुणे

उत्तर: सर, मेटफॉर्मिनला तोंडाच्या बाबतीत क्लीन चिट मी कधीच दिली नाही, फक्त हिरड्या वाढवण्याच्या आरोपातून सोडवलं! लोखंडी चव हा त्याचा माहितीतला त्रास आहे, बहुतेकांचा सुरुवातीच्या दिवसांत येऊन जातो. जिभेची जळजळ मला जास्त महत्त्वाची वाटते. बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेतलं की बी१२ कमी होतं आणि तुम्ही शाकाहारी म्हणजे मुळात येणारं कमी. जीभ गुळगुळीत, लाल दिसते का आरशात बघा, पायांना मुंग्या येतात का? त्या मुंग्या शुगरच्या आहेत असं समजून लोक वर्षं काढतात. बी१२ ची रक्ततपासणी करून घ्या, कमी असेल तर इंजेक्शन किंवा गोळ्यांनी भरून निघतं आणि मेटफॉर्मिन बंद करायची गरज सहसा पडत नाही.

जिभेवर पांढरा थर असेल आणि पुसल्यावर खाली लाल दिसत असेल तर ती बुरशी, शुगर वाढलेली असताना आणि कवळी रात्री काढून न ठेवणाऱ्यांना हमखास. कवळी असेल तर रात्री पाण्यात ठेवा.

प्रश्न: आमच्या आईला शुगर आहे, हिरड्यांतून पू येतो, दोन दात हलतात. डॉक्टर क्लीनिंग करा म्हणतात पण गावात सगळे सांगतात क्लीनिंग केलं की दात सैल होतात, फटी पडतात. आई सकाळी मिश्री लावते, ती म्हणते मिश्रीनेच दात टिकलेत.
— एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर: दात सैल झालेत ते आजाराने, हाड झिजल्यामुळे. कीटण साचून दगडासारखं झालेलं असतं, ते दातांना एकमेकांशी जखडून धरतं म्हणून हलणं जाणवत नाही, काढलं की खरी परिस्थिती समोर येते आणि नाव क्लीनिंगचं खराब होतं. फटी पण तशाच, जिथे कीटण होतं ती जागा मोकळी झाली आणि सूज उतरली म्हणून दिसतात.

शुगर असलेल्या माणसानं तर हे टाळूच नये. हिरड्यांचा आजार हा मधुमेहाचा सहावा उपद्रव आहे असं डॉक्टर मंडळी १९९३ पासून म्हणतायत, डोळे, किडनी, नसा वगैरेंच्या पंक्तीत. आणि उलटही खरं आहे, हिरड्यांतला संसर्ग शुगर वर ठेवतो. हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) सरासरी ०.४ च्या आसपास खाली येतो असं जगभरच्या बऱ्याच अभ्यासांच्या एकत्र हिशोबातून दिसलंय. म्हणजे साडेआठ असेल तर आठच्या जवळ. जादू नाही, पण हे सुद्धा एखादी जास्तीची गोळी न वाढवता मिळतंय.

मिश्रीचं काय सांगू. ती भाजलेली तंबाखू आहे, बाकी काही नाही. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी आज्या, मावश्या ‘मी तंबाखू खात नाही’ असं शपथेवर सांगतात आणि पदराच्या गाठीला मिश्रीची डबी असते. तिने हिरडी बधिर राहते, दुखत नाही, म्हणून टिकल्यासारखं वाटतं आणि खाली हाड जात राहतं, वर तोंडाच्या कॅन्सरचा धोका. आईला एकदम सोड म्हणून ऐकणार नाही, आधी संध्याकाळची बंद करा, मग सकाळची. तोंडात कुठे पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर ती आधी दाखवा.

प्रश्न: दात काढायचा आहे, शुगर आहे, उपाशी जायचं का? रक्त पातळ करायची गोळी पण आहे.
— एक वाचक, कणकवली

उत्तर: उपाशी अजिबात जायचं नाही. नेहमीचा नाश्ता, नेहमीची शुगरची गोळी किंवा इन्शुलिन, आणि सकाळची पहिली-दुसरी वेळ मागून घ्यायची. उपाशी येऊन वर गोळी घेतली की खुर्चीतच घाम फुटतो, हातपाय थरथरतात. रक्त पातळ करायची गोळी हृदयाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका, अॅस्पिरिनवर असताना एखादा दात सहसा व्यवस्थित काढता येतो. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून सोबत न्या, चिठ्ठी नको, स्ट्रिपाच न्या. आणि दात काढल्यावर तासभर काही खाता येणार नाही, बधिरपणा असेल तर दोन तास सुद्धा, म्हणून दुपारच्या जेवणाआधीची गोळी असेल तर ती कधी घ्यायची हे निघताना डॉक्टरांना विचारूनच निघा.